दिवाळे-बेलापूरच्या खाडीत गळाचा एक दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर बोलताना बऱ्याचदा आम्ही पाण्यात असतो आणि इंजिनाच्या आवाजात निम्मं ऐकू येत नाही. म्हणून सगळं इथे लिहून ठेवलंय. होडी काका चालवतात, गळाचं आणि पाहुण्यांचं मी बघतो. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान भरतीचा आणि शिंगाळ्याचा प्रश्न तरी पूर्ण वाचून या.

दिवसभर नेमकं काय करायचं असतं?

एका होडीत तीन, फार तर चार पाहुणे. सकाळी आधी पाग टाकतो, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. त्यात छोटी बोयटं (बोय मासे) आणि कोळंबी मिळते, ती बादलीत जिवंत ठेवायची. हेच दिवसभराचं आमिष. मग पाण्याच्या चालीप्रमाणे तिवरांच्या (खारफुटीच्या) कडेने, फाट्यांच्या म्हणजे खाडीच्या छोट्या शाखांच्या तोंडाशी, जुन्या बांधांच्या उघाड्यांपाशी (पाणी सोडायच्या दारांपाशी) थांबत थांबत गळ टाकायचे. मध्ये जेवण. पाणी आटलं की उघड्या पडलेल्या चिखलावर काय काय चालतं ते बघायचं. दुपारी साडेतीन-चारपर्यंत परत.

कुठून निघायचं आणि जायचं कुठे?

दिवाळे कोळीवाड्याच्या जेट्टीवरून. हार्बर लाइनने सीबीडी बेलापूरला उतरा, बाहेर रिक्षा मिळते. होडी पनवेल खाडीत आत जाते, किंवा उलव्याच्या बाजूच्या तिवरांना धरून फिरते. वारा शांत असेल तर थोडं बाहेर, मोठ्या पाण्याकडे. वाशी पुलाच्या वर मात्र आम्ही गळ घेऊन जात नाही. कारण पुढे अभयारण्याच्या प्रश्नात आहे.

आम्हाला रविवार हवा असतो, तुम्ही भलताच वार का सांगता?

कारण वार कॅलेंडर ठरवतं आणि मासा तिथीप्रमाणे चालतो.

आमच्याकडे जुना हिशोब आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. तृतीया असेल तर तीन गुणिले पाऊण, म्हणजे सव्वादोन. पंचमीला पावणेचार. अष्टमीला सहा. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, दुपारी आणि मध्यरात्री. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज वेळ पाऊण तासाने, कधी थोडी जास्त, पुढे सरकते. भरतीचं छापील कोष्टक आम्हीही बघतो आणि मिनिटांसाठी तेच खरं, पण आजोबांनी बोटांच्या पेरांवर मोजून सांगितलेली वेळ क्वचितच अर्ध्या तासापेक्षा जास्त चुकायची.

आता यातून दिवस कसा निवडायचा? अमावस्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं. भरती आणि ओहोटीच्या पाण्यात चार मीटरच्या आसपास फरक पडतो. एवढं पाणी सहा तासांत आत आणि सहा तासांत बाहेर जायचं म्हणजे ओढ जोरात, पाणी चिखलाने गढूळ, आमिष तळाशी टिकत नाही. अष्टमीच्या आसपास उलटं, भांग असतो. पाणी जेमतेम हलतं आणि मासाही जागचा हलत नाही. आम्हाला हवे असतात ते यांच्या मधले दिवस. चतुर्थी ते षष्ठी सगळ्यात सोयीची, कारण सकाळी नऊ-दहाला ओहोटी संपते आणि मग दुपारपर्यंत चढतं पाणी सलग मिळतं. ओहोटीचे शेवटचे दोन तास फाट्यांच्या तोंडाशी, आणि भरती लागली की तिवरांच्या कडेला. हा दिवस रविवारी आला तर आनंदच आहे. नाही आला तर एक दिवसाची रजा टाका, असं मी मनापासून सांगतो. रविवारसाठी मेलेल्या पाण्यात पाहुण्यांना बसवून पैसे घेणं आमच्या मनाला पटत नाही.

कोणत्या महिन्यात यावं?

पावसाळा ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगले. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार पडतं आणि जिताडा सुस्तावतो, पण हवा सुंदर असते आणि पक्षी भरपूर. मार्चपासून मासा पुन्हा अंग धरतो. एप्रिल-मेमध्ये ऊन सोसत असेल तरच या.

जून-जुलै आम्ही पूर्ण बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना राज्यात मासेमारीबंदी असते, आणि ती नसती तरी आम्ही गेलो नसतो. जिताडा याच दिवसांत खाडीच्या तोंडाशी अंडी घालतो. पिल्लं भरतीच्या पाण्याबरोबर तिवरांत, खाजणांत, पार भाताच्या खाऱ्या शेतापर्यंत शिरतात. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की आमचं वर्ष सुरू होतं. दिवाळीत गावात बहिरीदेवाचा उत्सव असतो, तेव्हाही होडी मिळणार नाही.

कोणते मासे लागतात?

बहुतेक लोक येतात ते जिताड्यासाठी, त्यामुळे आधी त्याचंच सांगतो. काही जण त्याला खजुरा म्हणतात. पाठ थोडी बाक काढलेली, तोंड मोठं, खालचा जबडा पुढे, आणि ऊन तिरकं पडलं की डोळा निखाऱ्यासारखा चमकतो. हा पाठलाग करणारा मासा नाही, दबा धरणारा आहे. खांब, बुडालेलं झाड, बांधाची उघाडी, जिथे जोराचं पाणी आणि शांत पाणी एकमेकांना लागून असतं तिथे शांत बाजूला उभा राहतो आणि ओढीबरोबर येणारं बोयटं गट्ट करतो. तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो, त्याचा ‘भुप्’ असा आवाज येतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये एका उघाडीपाशी आम्ही इंजिन बंद करून बसलो होतो. बांधाच्या फळ्यांतून पाणी झिरपत होतं, त्याच्या फेसाच्या कडेला तीन-चार बोयटं एकदम पाण्याबाहेर उडाली आणि पाठोपाठ तो आवाज. काकांनी नुसतं बोट दाखवलं. पहिल्यांदाच गळ धरलेल्या एका शाळामास्तरांनी त्या फेसाच्या वीतभर वर आमिष टाकलं, दोरी दोन हात वाहिली आणि थांबली. पुढची पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मासा दोनदा पूर्ण हवेत आला, डोकं झाडत. सव्वातीन किलोचा होता.

जिताड्याखेरीज तांबोशी. ती तिवरांच्या मुळांत राहते आणि लागली की पहिल्या झटक्यात मुळांत शिरते. तिथे ढील दिली की मासा गेला. भरतीच्या बाहेरच्या अंगाला कधी रावस, चिखलाच्या तळाला ढोमा, उथळ वाळवटावर मुडदुशी. वाम लागते, पाकट लागते. शिंगाळा तर लागतोच, नको असला तरी. केंड लागला तर फुगून चेंडू होतो. मुलांना गंमत वाटते, पण तो विषारी असतो. फोटोसाठीही हाताळायचा नाही, लगेच सोडायचा.

मी आयुष्यात गळ धरलेला नाही. जमेल?

जमेल. जेट्टीवरच वीस मिनिटं फेकायला शिकवतो. गेल्या दोन वर्षांत मला जाणवलेली गोष्ट अशी, की नवखा माणूस सांगितलेलं ऐकतो, त्यामुळे त्याला मासा लवकर लागतो. सगळ्यात मोठी चूक एकच होते: झटका जाणवला की लोक हात जोरात वर ओढतात. जिवंत आमिषाला आम्ही सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गळ लावतो. तो वळून माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यातच बसतो, पण त्यासाठी दोरी ताणेपर्यंत थांबून नुसती रील फिरवायची असते. झटका दिलात तर गळ तोंडातून निसटून येतो.

सामान आणायचं की तुमचं वापरायचं?

आमचं चालेल. सात फुटी मध्यम-जड रॉड, चार हजार आकाराची रील, तीस पौंडी ब्रेडेड लाइन आणि पुढे, गळाजवळ, चाळीस पौंडी लीडर (जाड दोरीचा तुकडा). लीडर जाड लागतो कारण जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पातीसारखी धारदार असते, बारीक दोरी कापून टाकतो. स्वतःचे ल्युअर (नकली आमिषं) असतील तर जरूर आणा, मात्र तीन काट्यांचे गळ काढून एकेरी लावून या. होडीत चार माणसं असताना तीन काट्यांचा गळ हवेत फिरतो, ते मला बघवत नाही.

अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, टोपी, दोरी बांधलेला चष्मा, आणि पायात मागे पट्टा असलेल्या सँडल. साधी चप्पल चिखल ठेवून घेतो.

मासा घरी नेता येईल का?

हो, माणशी एक. जिताडा दीड फुटाच्या आतला सोडायचा आणि अडीच फुटांच्या पुढचाही सोडायचा. पहिलं सगळ्यांना पटतं, दुसऱ्यावर वाद होतो. कारण ऐका: जिताडा जन्मतो तो नर म्हणून. काही वर्षं नर म्हणून काढून, अंगाने मोठा झाल्यावर तो मादी होतो. म्हणजे खाडीतला सगळ्यात मोठा मासा जवळजवळ नक्की मादी, लाखो अंडी घालणारी. ती एक काढली तर पुढच्या पावसात किती पिल्लं आली नाहीत याचा हिशोब आम्हालाच भोगावा लागतो, कारण आम्ही उद्याही इथेच आहोत. लहान मासळीसाठी राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींची किमान लांबी ठरवून दिली आहे, तीही पाळतो. पोटाखाली अंडी धरलेली चिंबोरी आली तर ती सुद्धा परत.

सोडायचा मासा ओल्या हाताने धरायचा, दोन्ही हातांनी आडवा, फोटो दहा सेकंदांत. उभा लटकवला तर मोठ्या माशाच्या मणक्याला आणि आतड्यांना इजा होते. सोडताना तोंड ओढीकडे करून शेपटीशी धरून ठेवायचं. तो स्वतः हात झिडकारून जातो, तेव्हाच सोडायचा.

खाडीचा मासा खाण्याजोगा आहे का? इतकं घाण पाणी दिसतं.

प्रश्न रास्त आहे, राग येत नाही. ठाणे खाडीच्या पूर्व काठाला टीटीसीचा (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा आहे आणि दोन्ही काठांवरच्या शहरांचं सांडपाणी खाडीत उतरतं. खाडीच्या गाळात जड धातू सापडल्याचं अभ्यासकांनी वेळोवेळी नोंदवलंय. माझ्या आजीच्या तोंडी असलेली निम्मी मासळी आज मिळत नाही.

आमच्या घरी आम्ही खाडीच्या तोंडाकडच्या वाहत्या पाण्यातला जिताडा, रावस, बोय खातो. नाल्यांच्या मुखाजवळची चिंबोरी आणि शिवल्या खात नाही, कारण त्या एका जागी गाळात राहतात आणि गाळातलं सगळं त्यांच्या अंगात उतरतं. गरोदर बाई आणि लहान मुलं घरात असतील तर मासा सोडून द्या, असं मी सांगतो. वास तेलकट आला तर कोणीच खाऊ नये.

शिंगाळ्याचा काटा लागतो म्हणतात, खरं का?

खरं आहे. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांना एकेक, असे तीन काटे. करवतीसारखे दातेरी, वर विषारी चिकट आवरण. मला स्वतःला एकदा अंगठ्याच्या बुडाशी लागला. काटा गेला असेल अर्धा इंच, पण पाच मिनिटांत मनगट ठणकायला लागलं, पंधरा मिनिटांत खांद्यापर्यंत कळ. अंगठा टम्म फुगून चकाकत होता.

यावर पहिला उपचार गरम पाणी. सोसेल इतकं गरम, भाजणार नाही एवढं, आणि त्यात हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. विष उष्णतेने मोडतं आणि कळ उतरते. दुखऱ्या हाताला चटका कळत नाही, म्हणून पाणी दुसऱ्या हाताने तपासायचं. यासाठी होडीत दोन मोठे थर्मास कायम भरलेले असतात, त्यातलं पाणी चहाला मिळत नाही. नंतर डॉक्टरकडे जायचंच, कारण काट्याचा तुकडा आत राहतो आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं. पाकटाच्या शेपटीच्या काट्यालाही हेच. शिंगाळा तुमच्या गळाला लागला तर हात लावू नका. नुसतं ‘शिंगाळा’ म्हणा, मी पक्कड घेऊन येतो.

होडी चिखलात अडकते का?

एकदा अडकली, आणि चूक माझी होती. फेब्रुवारीतली गोष्ट, काका आजारी होते आणि होडी मी नेली होती. उधाणाची ओहोटी होती. एका फाट्यात ढोमे एकामागून एक लागत होते, पाहुणे खूश होते, आणि ‘अजून दहा मिनिटं’ असं मी दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा मान वर केली तर फाट्याचं तोंड चिखलाने बंद झालेलं. पाच तास बसलो. उतरून ढकलायचा विचारही करायचा नाही, माणूस मांडीपर्यंत रुततो आणि मग त्याला काढायला दुसरा रुततो.

पाणी गेल्यावर सगळीकडून टिचक्या वाजवल्यासारखा आवाज येऊ लागला. चिखलातली बिळं उघडत होती. निवट्या (चिखलावर चालणारे छोटे मासे) परांवर रेटत बाहेर आल्या, दोन नर पाठीचे पर उभारून एकमेकांसमोर उड्या मारत होते. एका पंजाचे खेकडे तो मोठा पंजा वरखाली करत होते. आमच्याबरोबर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती, ती तीन तास होडीच्या काठावर हनुवटी टेकून ते बघत राहिली. पाहुण्यांनी पैसे द्यायला हात पुढे केला तेव्हा मी घेतले नाहीत. तेव्हापासून उधाणाच्या दिवशी होडी फाट्यात आत न्यायचीच नाही, तोंडाशीच नांगरायची, असं ठरलंय.

पोहता येत नाही. मुलांना, आईवडिलांना आणता येईल?

लाइफ जॅकेट सगळ्यांना, जेट्टी सोडल्यापासून परत येईपर्यंत, पोहणाऱ्यांनाही. मुलं आठ वर्षांच्या पुढची. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी सांगा. ओहोटीला जेट्टीच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात, त्यांच्यासाठी निघायची वेळ भरतीला धरून ठरवू. होडीत स्वच्छतागृह नाही. बायकांना हे कोणी आधी सांगत नाही आणि दिवस खराब होतो, म्हणून स्पष्ट लिहितोय: मधे एकदा किनाऱ्याला आणतो, आणि कोणी म्हणालं तर केव्हाही परत फिरवतो. संकोच करू नका, पाणी पिणं तर अजिबात थांबवू नका.

तिथे अभयारण्य आहे ना? मग मासेमारी कशी चालते?

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं. ते ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधल्या पट्ट्यात, पश्चिम बाजूला आहे. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जाही (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) मिळाला. आम्ही गळ टाकतो ते या हद्दीच्या बरंच खाली, दक्षिणेला. हद्दीच्या जवळपासही पाहुणे घेऊन मासे धरायला जात नाही.

तिवरं मात्र सगळीकडेच कायद्याने राखलेली आहेत. फांदी वाकवायची नाही, होडी झाडाला बांधायची नाही. गळ फांदीत अडकला तर दोरी मी सोडवतो. नाही सुटली तर होडी जवळ नेऊन हाताने काढतो, तशीच लटकत ठेवत नाही. बगळा त्या दोरीत अडकून मेलेला मी पाहिलाय.

फ्लेमिंगो दिसतील का?

नोव्हेंबर ते मे दिसतात, बहुतेक वेळा लांबून. चिखलावर गुलाबी रेघ दिसली की काका इंजिन बंद करतात. जवळ न्या म्हणू नका, थवा उडाला की त्यांचं खाणं मोडतं. फक्त फ्लेमिंगोच बघायचे असतील तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वनखात्याच्या होड्या जातात, त्या जास्त चांगल्या.

पाण्यात काठ्या आणि बोये दिसतात, ते काय?

ती कोणाची तरी रोजची भाकरी आहे. रोवलेल्या काठ्यांना जाळी बांधलेली असतात. पाण्यावर तरंगणारी बाटली किंवा थर्माकोलचा तुकडा कचरा वाटतो, पण त्याखाली चिंबोऱ्यांचा फग, म्हणजे सापळा असतो. त्याच्या वीस हातांच्या आत गळ टाकायचा नाही. एका पाहुण्याने गंमत म्हणून फग वर ओढून बघितला होता, मी होडी तिथूनच परत फिरवली. शेतातून जाताना आपण कोणाचं कणीस मोडत नाही, तसंच हे.

गावातली बरीच माणसं पूल, भराव, गाळ यांमुळे मासेमारीतून बाहेर पडली. जी उरली आहेत ती पहाटे तीनला निघतात. समोरून त्यांची होडी आली की आम्ही बाजूला होतो, आणि तुम्ही हात केलात तर त्यांना बरं वाटतं.

जेवण?

आई करते. तांदळाची भाकरी, कोळंबीचं कालवण, जवळ्याची चटणी, कांदा. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी सांगा, वालाचं बिरडं मिळेल. तुम्ही धरलेला मासा होडीत शिजवत नाही.

बियर चालेल का?

नाही. होडीत नाही आणि पिऊन आलात तरी नाही.

काहीच लागलं नाही तर पैसे परत?

नाही. रिकाम्या हाताने आम्हीही महिन्यातून दोन-चारदा परत येतो, तेव्हाही डिझेल तेवढंच जळतं. पण वाऱ्यामुळे किंवा पावसामुळे आम्ही रद्द केलं तर पूर्ण रक्कम परत, किंवा पुढची तिथी. माणशी नाही, होडीचे पैसे घेतो: दिवसाचे ७,००० रुपये, आमिष, सामान, जेवण धरून. निम्मे आधी, निम्मे परत आल्यावर. होडीची नोंदणी आणि परवाना बघायचा असेल तर चढण्याआधी मागा, काकांच्या पेटीत असतो.

निरोपात काय लिहू?

किती जण, त्यात मुलं किती, कोणाला पोहता येतं, कोणाला औषध चालू आहे, आणि पुढच्या महिन्यातले कोणते आठवडे मोकळे आहेत. तारीख लिहू नका. आठवडे कळले की पंचांग आणि कोष्टक बघून मी दोन दिवस सुचवतो, त्यातला एक तुम्ही निवडा.